स्मृतिभ्रंश झालेल्या आईला केंद्रात भेटायला जाताना: तयारीपासून निघण्यापर्यंत

केंद्रात राहणाऱ्या आईची भेट बिघडते ती बहुधा पहिल्या दोन मिनिटांत, आणि एकाच प्रश्नाने: "आई, ओळखलंस का मला?" उत्तर आलं नाही की भाऊ विचारतो, "बरं, हा कोण ते तरी सांग." मग नातवाला पुढे ढकललं जातं. आईला एव्हाना एवढंच कळलेलं असतं की आपलं काहीतरी चुकतंय आणि सगळे आपल्याकडेच बघताहेत. पुढचा अर्धा तास ती गप्प तरी बसते, नाहीतर चिडते.

खालचे टप्पे मधल्या अवस्थेतल्या आजारासाठी आहेत. आई बोलते, आधाराने चालते, पण सकाळचं दुपारी आठवत नाही आणि माणसांची गल्लत होते. टप्प्यांचा क्रम बदलू नका. तीच माणसं आणि तोच खाऊ असूनही भेट फसते ती बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे.

टप्पा १: वेळ ठरवा

सकाळचा उत्तरार्ध सगळ्यात बरा. आंघोळ, नाश्ता, औषधं झालेली असतात आणि डोकं त्यातल्या त्यात ताजं असतं. चार-साडेचारनंतर बऱ्याच जणींची चुळबुळ सुरू होते: येरझाऱ्या, दाराशी जाणं, "मुलं शाळेतून यायची वेळ झाली" असं म्हणत पदर खोचणं. दिवेलागणीपर्यंत हे वाढतं. नोकरदार मुलं नेमकी ऑफिस सुटल्यावर, साडेसहाला पोचतात आणि "आई हल्ली आम्हाला बघून चिडते" असा निष्कर्ष काढतात. ती वेळेवर चिडलेली असते, तुमच्यावर नाही. संध्याकाळशिवाय जमणारच नसेल तर भेट वीस मिनिटांची ठेवा, खोलीतले सगळे दिवे लावा आणि बोलण्यापेक्षा नुसतं शेजारी बसा.

केंद्रातली दुपारच्या जेवणाची वेळ विचारून घ्या आणि तिच्या पाऊण तास आधी पोचा. जेवण बाराला असेल तर सव्वाअकराला. याचा उपयोग निघताना होतो, टप्पा ८ पाहा.

एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत आणि तीस-पंचेचाळीस मिनिटांपेक्षा जास्त वेळही नको. महिन्यातून एकदा अख्खा दिवस ठाण मांडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा अर्धा तास केव्हाही चांगला. कोण आलं होतं हे ती विसरते, पण भेटीनंतरचा बरा मूड आठवणीपेक्षा जास्त टिकतो. भावंडांनी वार वाटून घ्यावेत. रविवारी सगळे आणि बाकी सहा दिवस कोणीच नाही, ही पद्धत मुलांच्या सोयीची आहे, आईच्या नाही.

तपासा: निघण्याआधी केंद्रात फोन करा. रात्री झोप झाली का, ताप, जुलाब, पडणं, नवीन औषध असं काही आहे का, एवढं विचारा.

टप्पा २: पिशवी भरा

श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या. नंबर बॅटरीवरच्या चिकटपट्टीच्या रंगावरून कळतो: १० पिवळी, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळी. पट्टी काढल्यावर बॅटरी एक-दोन मिनिटं हवेत ठेवून मग बसवायची असते. पट्टी काढून लगेच बसवल्यामुळे "नवी बॅटरी पण चालत नाही" अशा तक्रारी होतात. वापरलेल्या बॅटऱ्या खोलीत ठेवू नका. गिळल्या गेल्या तर अन्ननलिकेला इजा होते.

चष्मा पुसायचं मऊ फडकं.

दहा-बारा फोटो, पोस्टकार्डाएवढे किंवा मोठे. एका फोटोत एक-दोनच चेहरे, खाली जाड मार्करने नाव आणि नातं. गेल्या वर्षीच्या लग्नातला चाळीस माणसांचा ग्रुप फोटो उपयोगाचा नाही. तिच्या लग्नाआधीचे, माहेरच्या अंगणातले, तुम्ही पाच वर्षांचे असतानाचे फोटो न्या. ती ज्या मुलीची वाट बघते ती कदाचित तीच पाच वर्षांची असते.

एक वही आणि पेन. वही केंद्रातच राहील.

कपडे न्यायचे असतील तर पुढून उघडणारे गाऊन, नाडीऐवजी इलॅस्टिकचे परकर, मागे पट्टा आणि रबरी तळ असलेल्या चपला. प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला न धुपणाऱ्या मार्करने नाव लिहा. सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जातात आणि दोन महिन्यांत आईच्या अंगावर दुसऱ्याच आजींचा गाऊन दिसतो.

सोनं, रोख रक्कम, काचेच्या बांगड्या, सुई-कात्री घरीच राहू द्या.

सावधान: औषधं परस्पर देऊ नका. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच गोळ्यांत आणि सिरपांत क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन असतं. त्याने या आजारातला गोंधळ वाढतो, बद्धकोष्ठ होतं, लघवी अडकते. चूर्ण, काढे, शेजारणीने सांगितलेल्या "स्मरणशक्तीच्या" गोळ्या यांनाही हेच लागू. काही द्यावंसं वाटलं तर आधी केंद्राच्या डॉक्टरांना नाव सांगा.

टप्पा ३: खोलीत जाण्याआधी पाच मिनिटं मावशींशी

ऑफिसातल्या मॅनेजरशी नाही. आईला आज आंघोळ घातली, भरवलं त्या मावशींशी. किती खाल्लं, शौचाला कधी झालं, रात्री उठली का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आज तिला कशाचा घोर लागलाय. सकाळपासून ती वडिलांची वाट बघत असेल तर ते तुम्हाला दाराबाहेर कळलेलं बरं. ही चौकशी आईसमोर करू नका. आपल्याबद्दल आपल्या डोक्यावरून बोललं जातंय, हे बोलणं कळेनासं झालेल्या माणसालाही कळतं.

पर्स, हेल्मेट, गाडीची किल्ली ऑफिसात ठेवा. ती समोर दिसली की "निघालीस का?" आणि "मी पण येते" सुरू होतं.

सावधान: एक-दोन दिवसांत एकदम बदल झाला असेल, म्हणजे परवापर्यंत बोलणारी आई आज गुंगीत आहे, किंवा शांत बाई अचानक ओरडते, नसलेल्या गोष्टी बघते, तर "आजार वाढला" म्हणून सोडून देऊ नका. स्मृतिभ्रंश असा एका रात्रीत वाढत नाही. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, सोडियम उतरणं, नवीन औषध, पडल्याचा मार, यांपैकी काहीतरी शोधावं लागतं. म्हाताऱ्या माणसात संसर्ग असूनही ताप नसू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

टप्पा ४: पहिली दोन मिनिटं

१. दारावर टकटक करा आणि समोरून या. बाजूने किंवा पाठीमागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका. नजरेचा आवाका कमी झालेला असतो, ती दचकते.

२. चार-पाच फुटांवर थांबा. तिची नजर तुमच्याकडे वळू द्या.

३. तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. खिडकी तुमच्या पाठीशी नको, नाहीतर तिला नुसती काळी आकृती दिसते. उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा.

४. चष्मा डोळ्यांवर आणि यंत्र कानात आहे का बघा. टीव्ही बंद करा.

५. नाव आणि नातं स्वतःच सांगा: "आई, मी सुनीता. तुझी धाकटी. तुला भेटायला आले." आणि थांबा. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. आपल्याला ही शांतता फार लांब वाटते, पण तिला वाक्य पोचून उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो. पाचव्या सेकंदाला दुसरं वाक्य टाकलं की पहिलंही हातचं जातं.

६. तळहात वर करून हात पुढे करा. तिने धरला तर धरा.

तिने तुम्हाला "ताई" म्हटलं तर दुरुस्त करायचं नाही. नाटकही करायला नको. "हो, बस ना जवळ" एवढं पुरतं.

नातवंडांनी थेट पायाशी वाकू नये. आधी समोर उभं राहावं, आजीने बघावं, मग वाकावं. असं केलं की तिचा हात पुष्कळदा आपसूक वर येतो आणि "औक्षवंत हो" निघतं. नाव आठवलेलं नसतं, पण सत्तर वर्षांची सवय हातात असते. भेटीचा पुढचा भाग या सवयींवरच उभा करायचा आहे.

तपासा: दोन मिनिटांत तुमच्या तोंडून किती प्रश्न गेले? "काय जेवलीस?", "काल कोण आलं होतं?", "औषध घेतलंस?" हे सगळे आठवणीचे पेपर आहेत. त्याऐवजी विधानं करा: "आज बाहेर ऊन छान पडलंय." "हा पदराचा रंग तुला शोभतो."

टप्पा ५: हाताला काम द्या

गप्पा दहा मिनिटांत संपतात, कारण गप्पांना ताजी आठवण लागते. हातांना ती लागत नाही. आयुष्यभर हजारो वेळा केलेली कामं वेगळ्या तऱ्हेने साठलेली असतात आणि उशिरापर्यंत शाबूत राहतात.

मेथी निवडणं सगळ्यात सोयीचं. अख्खी जुडी पुढ्यात टाकू नका, ढीग बघून ती गांगरते. पंधरा-वीस काड्या घ्या. भाजी हिरवी, तर ताट पांढरं किंवा स्टीलचं, म्हणजे पानं नीट दिसतात. काही न बोलता तुम्ही दोन काड्या निवडा, मग तिसरी तिच्या हातात द्या. बोटं आपोआप देठाशी जातात. तिने पानं देठांत टाकली, देठं पानांत टाकली, तरी हात लावू नका. ही भाजी रात्री कोणी करणार नाही. "अगं असं नाही" एवढं एकदा म्हटलंत की ताट बाजूला सारलं जाईल.

वाती वळायला बेताचा कापूस द्या, फुलवाती जमत असतील तर त्या. घड्या घालायला सहा-आठ नॅपकिन किंवा ब्लाउजपीस, बसूनच. साडीची घडी दोघींनी उभं राहून घालायचा मोह होतो, पण पायात साडी येऊन पडण्याचा धोका आहे.

सावधान: हातात येईल ते तोंडात घालायची सवय लागली असेल तर मटार, शेंगा, मणी, तांदूळ, कापूस काहीच नको. फक्त मोठी कापडं.

केसांना तेल लावून वेणी घालणं हे मी या सगळ्यांच्या वर ठेवीन. स्पर्श मिळतो, बोलावं लागत नाही, आणि तुम्हाला तिला नीट बघता येतं. आधी बाटली समोर धरून दाखवा, "तेल लावू का?" म्हणा, मान डोलावली की मागे जा. बोटांच्या पेरांनी, हळू. कानामागे मळ आहे का, टाळूवर खरचटलंय का, मानेजवळची कातडी कोरडी पडलीय का, हे तेल लावता लावता दिसतं. मग तळहात आणि पावलं चोळा: नखं वाढलीत का, घोट्याला सूज आहे का. टाचा उचलून बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा न होता लालच राहिला तर ती शय्याव्रणाची, म्हणजे बेडसोअरची, सुरुवात आहे. त्याच दिवशी सिस्टरला दाखवून टाचांवरचा भार कसा काढणार ते विचारा. बराच वेळ अंथरुणात असेल तर माकडहाडाजवळही बघायला सांगा.

गाणं म्हणायचं तर फोनवर लावू नका. पाठ असलेली आरती, ओवी, भोंडल्याचं गाणं तुम्ही सुरू करा, तिच्या लयीत, तिच्या खालच्या पट्टीत, आणि पहिल्या ओळीनंतर थांबा. वाक्य पूर्ण करता न येणारी बाई पुढचं कडवं म्हणते, असं बऱ्याचदा घडतं. नाही म्हटलं तर तुम्हीच पुढे म्हणा, वाट बघत राहू नका.

टप्पा ६: अवघड प्रश्नांना एकच उत्तर

घरातल्या सगळ्यांनी उत्तरं आधी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावीत. थोरला एक सांगतो, सून दुसरं सांगते, मावशी तिसरं, यातून जो गोंधळ होतो तो आजाराचा नसतो.

"हे अजून आले नाहीत?" वडील जाऊन आठ वर्षं झाली असली तरी तिला दर वेळी ती बातमी नवीनच. रोज नव्याने वैधव्य द्यायचं कारण नाही. "वाट बघतेयस का? काय आवडतं गं त्यांना जेवायला?" इथून बोलणं पुढे नेता येतं. मात्र तिने थेट "गेले ना ते?" विचारलं आणि तिला ते जाणवलंय असं दिसलं, तर खोटं बोलू नका. हात धरून "हो, गेले" म्हणा आणि जवळ बसा.

"मला घरी ने." आधी तिला बाथरूमला नेऊन आणा. लघवी लागली, भूक लागली, कुठे दुखतंय, हे सांगता न आल्यावर पुष्कळदा हेच वाक्य बाहेर पडतं. त्यानंतरही घर हवं असेल तर "घरी कोण कोण आहे?" विचारा. उत्तरात तुमचा फ्लॅट क्वचितच येतो, बहुधा माहेरची विहीर किंवा धाकटा भाऊ येतो. "उद्या नेते" म्हणू नका आणि इथे का ठेवलंय याची कारणंही देऊ नका.

"माझ्या बांगड्या चोरल्या." उशीच्या अभ्र्यात, गादीखाली, साड्यांच्या घड्यांत, पावडरच्या डब्यात शोधा, आणि तिला सोबत घेऊन शोधा. मावशींवर तिच्यासमोर आळ घेऊ नका. पण प्रत्येक तक्रार आजारावर ढकलणंही तितकंच चूक. दोन्ही दंडांवर बोटांसारखे वळ, एका ठराविक माणसाला बघून आकसणं, दर भेटीत ओलं डायपर दिसलं तर केंद्राकडे लेखी खुलासा मागा. दाद लागली नाही तर १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

टप्पा ७: खाऊ

इथे प्रेमापोटी जिवाशी खेळ होतो. आजार वाढतो तसं गिळणं बिघडतं आणि घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. दिवाळीचा डबा या दृष्टीने सगळ्यात वाईट: चिवडा सुटा, चकली टणक, शंकरपाळी कोरडी, बेसनलाडू आणि पेढा टाळूला चिकटणारा. अख्खे शेंगदाणे आणि द्राक्षंही नकोत. मऊ शिरा (काजू-बेदाणे न घालता), मऊ दहीभात, कुस्करलेलं केळं, लापशी चालते. मधुमेह असेल तर किती द्यायचं ते सिस्टरला विचारूनच.

भरवताना तिला ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. कवळी असेल तर घट्ट बसलीय का बघा. लहान चमचा, अर्धा भरलेला. घसा वर-खाली झालेला दिसल्याशिवाय दुसरा चमचा नाही. घास तोंडात असताना तिला बोलायला लावू नका. संपल्यावर गालात काही उरलंय का बघा आणि अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

सावधान: खोकला, डोळ्यांत पाणी, गुरगुरता ओला आवाज यांपैकी काही झालं की भरवणं थांबवा आणि सिस्टरला सांगा. नुसत्या पाण्याने ठसका लागत असेल तर पाणी दाट करून द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा. "सवयीने होईल" असं होत नाही.

टप्पा ८: निघा

निरोपाचा सोहळा करू नका. प्रत्येकाने मिठी मारणं, डोळे पुसणं, दारातून परत वळणं, याने शांत बसलेली आईही उठून उभी राहते. ताट येण्याची वेळ झाली की मावशींना खूण करा. ताट समोर आलं, पहिला घास गेला, की "जेव सावकाश, मी परत येते" म्हणा आणि निघा. "घरी" हा शब्द नको. ती बाथरूममध्ये असताना पळ काढू नका, नंतर ती तुम्हाला शोधत फिरते.

ती रडली तर परत आत जाऊ नका. पंधरा मिनिटांनी ऑफिसातून चौकशी करा. बहुतेक वेळा ती तोवर शांत झालेली असते, नसेल तर कोणी जवळ बसलंय का ते विचारा.

तपासा: बाहेर पडल्यावर दार मागे नीट लागलं का? आई तुमच्या पाठोपाठ निघाली असेल तर कोणाच्याही आधी ते तुम्हालाच दिसायला हवं.

टप्पा ९: वहीत चार ओळी

निघण्याआधी ऑफिसातच लिहा: तारीख, वेळ, काय जमलं, काय बिनसलं, काय खाल्लं, टाचा कशा होत्या. पुढच्या भेटीला येणारं भावंड तिथूनच सुरुवात करेल. महिन्याचं वजनही याच वहीत. महिनाभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली तर डॉक्टरांशी बोलायलाच हवं. पन्नास किलोच्या आईचं महिन्यात अडीच किलो उतरणं म्हणजे गाऊन सैल झाल्याचं डोळ्यांना दिसायच्या आधीची गोष्ट.

कागदपत्रांचं काम भेटीत मिसळू नका. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो. केंद्र सरकारचे ८० वर्षांवरचे पेन्शनर तो १ ऑक्टोबरपासून देऊ शकतात, गर्दीआधी उरकून घ्या. मोबाइलवर चेहरा दाखवून तो काढता येतो, पण कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावावे लागतात. त्यासाठी वेगळी सकाळ ठेवा आणि मावशींना शेजारी बसवा.

परदेशातून भेटणाऱ्यांसाठी

इथे घोळ घड्याळाचा असतो. न्यू जर्सीतला मुलगा शनिवारी सकाळी साडेनऊला निवांत फोन लावतो तेव्हा पुण्यात संध्याकाळचे सात वाजलेले असतात (हिवाळ्यात आठ), म्हणजे आईचा सगळ्यात वाईट तास. तिकडे रात्री साडेदहाला लावा, इथे सकाळचे आठ असतात (हिवाळ्यात तिकडे साडेनऊ). कॅलिफोर्नियातून उन्हाळ्यात रात्री साडेदहा म्हणजे इथले सकाळी अकरा, उत्तम. लंडनकरांना सकाळी लवकर उठावं लागेल: त्यांचे उन्हाळ्यातले साडेसहा म्हणजे आपले अकरा.

फोन हातात देऊ नका, स्टँडवर ठेवायला सांगा. स्वतःची छोटी चौकट बंद करा, पडद्यावर दोन चेहरे दिसले की तिला कळत नाही कोणाकडे बघायचं. पाच-सात मिनिटं पुरे. एखादी वस्तू दाखवा, फुललेली कुंडी किंवा तव्यावरची पोळी, आणि त्यावर बोला. पडद्यात आवाज कुठून येतो हेच तिला उमजत नसेल तर व्हिडिओ सोडून नुसता फोन करा आणि मावशींना स्पीकरवर ठेवायला सांगा.